हाक येईपर्यंत

आम्ही फार पुढे बसलो, तेवढंच चुकलं, असं मी अजूनही मनाशी म्हणते. मागच्या बाकांवर बसलो असतो तर बाबांचा आवाज तिथपर्यंत पोचला नसता आणि ती मुलगी पडली नसती. पण माझ्या मनात खोट होती, म्हणून मी पुढच्या खुर्च्यांची तिकिटं काढली. ज्या माणसाला उद्या सकाळी वृद्धाश्रमात नेऊन ठेवायचंय आणि ज्याला ते अजून सांगितलेलं नाही, त्याला आदल्या दिवशी निदान खुर्ची तरी बरी द्यावी, असा माझा विचार. बळीच्या बकऱ्यालाही आधी खाऊपिऊ घालतात. खुर्च्या प्लास्टिकच्या निघाल्या. एकीचा पाय वाकलेला होता आणि नेमकी तीच बाबांच्या वाट्याला आली. मान मागे टाकून ते वर दोऱ्यांकडे बघत होते.

सर्कस आल्याचं मला त्यांनीच सांगितलं होतं. गॅलरीतून समोरच्या भिंतीवर चिकटवलेला कागद दिसत होता. "सर्कस आलीय," एवढंच म्हणाले. जाऊ या का, असं नाही. मागायची त्यांना सवय नाही, आणि मलाही नाही. वारशात मला मिळालं ते एवढंच. बाबा सर्कशीत झेलणारे होते. उंच झोक्याच्या दांडीत गुडघे अडकवून उलटं लटकायचं आणि समोरच्या झोक्यावरून सुटून येणाऱ्या माणसाला हवेतल्या हवेत मनगटांना धरायचं, हे त्यांचं काम. जाहिरातीत चित्र उडणाऱ्यांचं, टाळ्या उडणाऱ्यांना. झेलणाऱ्याचं तोंडसुद्धा लोकांना उलटंच दिसतं. तरी सर्कशीत सगळे त्यांना मानायचे, 'आकडा' म्हणायचे, कारण एकदा हाती आलेलं मनगट या माणसानं कधी सोडलं नाही. हे अर्थात मला त्यांनीच सांगितलेलं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते हे सांगायचे, आणि त्या वेळी आई शिवणयंत्र जरा जास्तच जोरात चालवायची. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं ती दोरा तोडता तोडता म्हणायची, त्यांना ऐकू जाणार नाही इतपत.

या कामात एक नियम आहे. तो आमच्या घरात इतक्या वेळा सांगितला गेलाय की मला तो पाढ्यांच्या आधी पाठ झाला. उडणाऱ्यानं कधी सुटायचं हे उडणारा ठरवत नाही. झेलणारा ठरवतो. दोन्ही झोके कुठे आहेत ते त्यालाच दिसतं, म्हणून तो एकच शब्द म्हणतो, 'हप्'. त्याला अर्थ नाही. तो कानात पडला की दांडी सोडायची, हात सरळ पुढे धरायचे आणि मग काहीही करायचं नाही. समोरच्याला पकडायला जायचं नाही. "पकडायला जातो त्याचं मनगट मोडतं," बाबा म्हणायचे, "आणि विचार करतो तो खाली जातो." हे ते असं सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, जगात दोनच जातीची माणसं आहेत. सगळा जन्म त्यांनी असा परक्या माणसांना हाका मारण्यात घालवला. आम्हाला मात्र ते वर्षातून एकदा, सर्कस बंद असायची त्या दिवसांत भेटायचे. येताना त्यांच्या पिशवीला घामाचा आणि हाताला लावायच्या पांढऱ्या भुकटीचा वास असायचा. दादा आणि मी ती पिशवी उघडायचो, तर आत त्यांचेच कपडे.

अशाच एका वेळी, मी नुकतीच शाळेत जायला लागले होते तेव्हा, त्यांनी मला कपाटावर उभं केलं. खोलीत एक लाकडी कपाट होतं, वर जुन्या रजया रचलेल्या. त्यांनी त्या बाजूला सारल्या, मला काखेत धरून वर चढवलं आणि खोलीच्या मधोमध उभे राहून हात पुढे केले. "मी हप् म्हटल्याशिवाय यायचं नाही. म्हटलं की मग थांबायचं नाही." छत डोक्याला लागत होतं, म्हणून मी मान वाकवून हात पुढे केले. मला भीती वाटली नाही. तेवढं सुख मला पुढे कशानंच झालं नाही, हे आता लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. ते माझ्याकडे बघत होते. नुसतं माझ्याकडे, आणखी कुणाकडेही नाही. तेवढ्यात दारात कुणीतरी "अरे आकड्या!" म्हणून ओरडलं. सर्कशीतलाच कुणी गडी असणार. बाबा वळले. मग दारापर्यंत गेले. मग बोलत बोलत दोघं जिना उतरून गेले. मी उभी. हाक आल्याशिवाय यायचं नाही. हात भरून आले तरी मी ते खाली घेतले नाहीत, कारण ते मध्येच परत आले आणि त्यांना माझे हात खाली दिसले तर? भिंतीवरचं ऊन सरकत सरकत कोपऱ्यात गेलं आणि नाहीसं झालं. आई शिवलेले कपडे पोचवून घरी आली तेव्हा मी तशीच होते. तिनं माझ्याकडे बघितलं, यंत्रासमोरचं स्टूल ओढून आणलं, त्यावर चढली आणि मला खाली घेतलं. माझे गुडघे वाकेनात. "रडायचं तरी होतंस गं," ती म्हणाली. बाबा जेवायच्या वेळेला आले, मोठ्या खुशीत होते.

मी रक्त काढते. तपासणीच्या दुकानात, काचेच्या दारामागे, सकाळपासून लोक उपाशीपोटी माझ्यासमोर येऊन बसतात आणि बाही वर सरकवतात. मी दंडाला पट्टा बांधते, मूठ वळायला सांगते, बोटांनी शीर चाचपते, सुई घालते आणि म्हणते, सोडा आता मूठ. सगळे दुसरीकडे बघतात. बाप्यांना घेरी येते, बायका गप्प असतात, आणि जाताना एखादा म्हणतो, ताई, कळलंसुद्धा नाही. माझा हात हलका आहे म्हणतात. नवरा असं म्हणत नसे. तो म्हणायचा, तू माणसासमोर नुसती उभी राहतेस, बोलत नाहीस, मागत नाहीस, तुझ्या मनात काय चाललंय हे समोरच्यानं ओळखायचं तरी कसं? आता त्याला काय सांगणार, की मी कपाटावर उभी आहे म्हणून? तो गेला. जाताना दारात रेंगाळला होता, मी थांब म्हणेन म्हणून असेल. मी म्हटलं नाही. खांदा निकामी होऊन बाबा कायमचे परत आले तेव्हा आई गेलेली होती आणि दादा दूरदेशी होता. रिकामी खोली माझ्याकडेच होती, म्हणून ते माझ्याकडे आले. पहिल्याच आठवड्यात मी त्यांचं रक्त काढलं. दंड अजून दोरखंडासारखा होता. मूठ वळा, म्हटलं. सोडा, म्हटलं. त्यांनी सोडली. सबंध आयुष्यात मी त्यांना इतका वेळ धरून ठेवलं ते तेव्हाच.

पुढे त्यांचं बिघडत गेलं. गॅस चालू ठेवून गॅलरीत उभं राहायचे. न्हाणीघरात पडले. शेजारीण कामावर फोन करायला लागली आणि दुकानाचा मालक घड्याळाकडे बघायला लागला. दादानं तिकडे बसून आश्रमाचे फोटो बघितले आणि पसंत केले. "बाग आहे गं," म्हणाला, "त्यांना करमेल. आणि सांगायचं काय त्यात? तू सांग ना, तुझं ऐकतात ते." दुरून डोंगर साजरे. मी सांगायचं पुढे ढकलत गेले, आणि शेवटी उरली ती ही सर्कस.

ती सर्कस नव्हतीच. बसगाड्या उभ्या करायच्या मैदानाशेजारी एक बुटका तंबू, त्याला वेगळ्या रंगाची ठिगळं. तिकीट देणारा माणूस आत गेल्यावर नाकाला लाल गोळा लावून विदूषक झालेला दिसला, आणि त्याचे विनोद सगळे मोबाइल फोनचे. जंगली जनावरं आता ठेवू देत नाहीत, म्हणून झगा घातलेली कुत्री. त्यातली एक उडी मारायच्या जागी खाली बसून अंग खाजवत राहिली. एका सायकलवर खूपशा बायका चढल्या. हातावर उलटी चालणारी बाई मध्यंतरात लाह्यांच्या पुड्या विकत आली, आणि तिच्या पापण्यांवरची चमकी लाह्यांत पडत होती. वाजंत्री नव्हतीच, एक यंत्र होतं, ते मधूनच अडकायचं, आणि मग तंबूभर जनरेटरचा आवाज ऐकू यायचा. अर्ध्याच्या वर बाकं रिकामी. माझ्या मागची दोन पोरं सारखी विचारत होती, आई, संपलं का? मी बाबांकडे बघत होते. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. सूड म्हणतात तसलं बरं. हेच का ते? ह्याच्यासाठी आमचे वाढदिवस गेले, ह्याच्यासाठी आई दवाखान्यात दाराकडे तोंड करून पडून राहिली? त्यांनी एकदा तरी मान खाली घालावी, एकदा तरी म्हणावं, काही दम नाही यात, म्हणून मी टपून बसले होते. ते कुत्र्यांकडे बघत नव्हते, बायकांकडे बघत नव्हते. झोक्यांच्या दोऱ्या वर जिथे बांधलेल्या होत्या तिथे त्यांची नजर खिळली होती.

मध्यंतरात फुगे विकायला आली ती नंतर पडलेली तीच मुलगी, पण तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. मुलगी म्हणायचं एवढंच, तिशीला टेकली असेल. चमचमत्या पोशाखावर एक जुना स्वेटर घातला होता. फुग्यांच्या दोऱ्या तिनं मनगटाला गुंडाळल्या होत्या. बाबांनी फुगा घेतला नाही, मनगटाकडे बघितलं. "उडतेस?" त्यांनी विचारलं. ती थबकली. "हो आजोबा. पण कसं काय ओळखलंत?" "भुकटी कमी लावत जा," म्हणाले. ती हसली, आणि पुढच्या रांगेत फुगे घेऊन गेली. मी आयुष्यात काय काम करते हे बाबांनी मला कधी विचारलेलं नाही.

झोक्याचा खेळ शेवटी होता. जाळं ताणलं, त्याला जागोजागी गाठी मारलेल्या दिसत होत्या. एका बाजूच्या झोक्यावर एक दणकट तरुण पोरगा उलटा लटकला. दुसऱ्या बाजूच्या फळीवर ती उभी राहिली, स्वेटर काढून, आणि आता खरंच कुणीतरी वेगळी दिसत होती. यंत्रावर ढोल सुरू झाले. ती सुटली, दांडी धरून पुढे गेली, मागे आली, परत पुढे. माझ्या शेजारी काहीतरी बदललं. मी वळून बघितलं तर बाबा खुर्चीच्या कडेला आले होते. त्यांचे दोन्ही हात पुढे होते. उजवा हात, जो खांद्यापासून कामातून गेलाय, ज्यानं त्यांना शर्टाचं वरचं बटण लावता येत नाही, तोही. आणि ते म्हणाले, "हप्."

ओरडले नाहीत ते. लोक नंतर म्हणाले, म्हातारा ओरडला. तो ओरडा नव्हता. खालून, पोटातून आलेला, सपाट, अगदी खात्रीचा एक आवाज होता. त्यात 'बहुतेक' नव्हतं. माझ्या पोटरीत कळ आली. माझे गुडघे आपोआप सरळ झाले. आणि वर त्या मुलीनं दांडी सोडली. हात सरळ पुढे, मान वर, चेहरा अगदी शांत, जसं असायला हवं तसं. फक्त समोरचा पोरगा तिथे नव्हता. तो अजून मागे जात होता, त्यानं हाक दिलीच नव्हती. ती आली त्या जागी कुणाचेच हात नव्हते. ती जाळ्याच्या कडेवर पडली, उसळली, आणि तिचा हात जाळं बांधलेल्या लोखंडी खांबावर आपटला. लोक हसले. जाळं ताणल्याबरोबर विदूषक त्यात मुद्दाम दोनदा पडला होता, त्यांना वाटलं हेही त्यातलंच. विदूषकही हुशार, त्यानं माइकवर म्हटलं, नेटवर्क गेलं! पडलेल्यानं लगेच परत चढायचं असतं, नाहीतर भीती अंगात घर करते, हा दुसरा नियम. तीही चढली. एका हातानं, दुसरा हात पोटाशी धरून, ती दोरीची शिडी चढून फळीवर उभी राहिली. समोरच्या पोरानं उलटं लटकूनच मान हलवली, नको. मग तिनं चांगला हात वर करून लोकांना अभिवादन केलं, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. बाबांचे हात अजून पुढेच होते. मी ते धरून खाली घेतले.

आम्हाला मागे बोलावणं आलं. बाबांना वाटलं मानानं बोलावलंय. त्यांनी कॉलर सारखी केली, भांग चाचपला. तंबूच्या मागे दोरीवर लहान मुलांचे शाळेचे कपडे वाळत होते, शेगडीवर पातेलं होतं, कुत्री पिंजऱ्यात झगे घालूनच झोपली होती. ती एका पेटीवर बसली होती, मनगटावर बर्फाची पुरचुंडी. झेलणाऱ्या पोरानं तंग पोशाखावर घरोघर सामान पोचवणाऱ्यांचं निळं जाकीट चढवलं होतं. सकाळी तो ते काम करतो, असं नंतर कळलं. तो सरळ बाबांपुढे येऊन उभा राहिला. "आजोबा, कळतं का तुम्हाला काय केलंत ते?"

"तू उशिरा होतास," बाबा म्हणाले.

"मी उशिरा नव्हतो! आमचा झोका आखूड आहे. तंबू बुटका आहे, दिसत नाही? तुमच्या काळात असतील उंच तंबू. इथं झोका लवकर येतो, लवकर जातो. तुमची वेळ आमच्यावर कशाला?"

बाबांनी वर बघितलं. तंबूचं कापड तिथून हाताला लागेल इतकं खाली होतं. त्यांचा चेहरा क्षणभर एखाद्या वाट चुकलेल्या माणसासारखा झाला. तेव्हा तरी त्यांनी माफी मागायची. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. ते त्या मुलीकडे गेले, तिच्यासमोर वाकले आणि तिचं दुसरं, धड मनगट त्यांनी हातात घेतलं. हात नव्हे, मनगटच. "तू नाही चुकलीस, पोरी," ते म्हणाले. "बोलावल्यावर यायचं. तू आलीस."

ती रडत होती. पण त्यांच्याकडे ती ज्या नजरेनं बघत होती ती नजर मला ओळखीची होती. "मला काही कळलंच नाही," ती म्हणाली, "आवाज आला आणि हात सुटलेच. असा आवाज मी कधी ऐकला नाही हो." मला ती नकोशी झाली. एका परक्या, जायबंदी बाईचा मी तिथे उभं राहून द्वेष केला, माझ्या ताटातलं कुणी उचलून घ्यावं तसा. पोरी, म्हणाले. तू आलीस, म्हणाले. पुरचुंडी बाजूला करून मी तिचं मनगट बघितलं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, हाड गेलेलं उघड दिसत होतं. "परत लटकता येईल ना, ताई? केव्हा येईल?" डॉक्टर सांगतील, म्हटलं. मालकीण म्हणून जी बाई होती ती पातेल्याखालचा जाळ कमी करता करता म्हणाली, "तोवर फुगे विक. एका हातानं विकता येतात." कुणी हसलं नाही. त्यातल्या त्यात बरं बोलायचं म्हणूनच ती तसं बोलली असावी. दवाखान्यात नेऊ का, मी विचारलं, तर पोरगा म्हणाला, आमचं आम्ही बघू, तुम्ही आधी यांना घेऊन जा.

टॅक्सीत बाबा खूश होते. इतके दिवस गप्प असणारा माणूस, नुसता बोलत होता. "पोरगी चांगली आहे. शब्द ऐकते. हल्लीच्या पोरी आधी डोळे फिरवून बघतात, मग सुटतात. ही सुटली. माझ्या शब्दावर सुटली." तिचा हात मोडला, मी म्हटलं. "मोडायचाच," म्हणाले, "तो उशिरा होता ना." मग मला राहवलं नाही. इतके दिवस जिभेच्या टोकावर येऊन परतलेलं वाक्य मी त्यांच्या अंगावर फेकलं. "बाबा, उद्या सकाळी तुम्हाला वृद्धाश्रमात नेणार आहे. राहायला. कायमचं." टॅक्सीवाल्यानं आरशात बघितलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. दुकानांचे दिवे त्यांच्या तोंडावरून सरकत गेले. मग म्हणाले, "तंबू बुटका होता, म्हणून." आणि आणखी थोड्या वेळानं, "तिथं जिना आहे का?" आहे, म्हटलं. "मग वरची खोली मागून घे. वर झोप लागते मला."

घरी मी त्यांची पिशवी भरली. तीच पिशवी, तिचा वास आता गेला होता. ते पलंगावर बसून बघत होते. मी त्यांचे शर्ट घडी करता करता, पाठमोरीच, विचारलं. आयुष्यभर विचारायचं राहिलेलं असं विचारता येतं, काम करता करता, जसं काही मीठ कुठे ठेवलंय ते विचारावं. "तुम्ही मला एकदा कपाटावर उभं केलं होतं, आठवतं? हप् म्हणाल तेव्हा यायचं म्हणून."

"कुठलं कपाट?"

"आपल्या जुन्या खोलीतलं. लाकडी."

ते विचार करत राहिले. अगदी मनापासून विचार केला त्यांनी, हे मला कबूल करायला हवं. "आपल्याकडे कपाट कुठलं? पेटी होती. तुझी आई सगळं पेटीत ठेवायची." मी हातातला शर्ट तसाच धरून उभी राहिले. मग दादाला फोन लावला. "कपाट?" तो म्हणाला, "असेल की. मला काय माहीत, मी बाहेर खेळत असेन. काय गं, सांगितलंस का त्यांना?" मला छत आठवत होतं, डोक्याला लागणारं. रजयांचा वास आठवत होता. पेटीवर उभं राहिलं तर छत डोक्याला लागत नाही. म्हणजे कपाट होतं. असणारच. आई असती तर तिनं सांगितलं असतं, आणि आई नव्हती, म्हणून ते कपाट आता माझ्याशिवाय कुणाच्याच घरात नव्हतं.

सकाळी आम्ही गेलो. बाग खरंच होती, म्हणजे थोडी झाडं आणि त्यांना पाणी घालणारा एक माणूस. पायऱ्या चढताना मी त्यांना धरायला गेले तर त्यांनी हात सोडवून घेतला. खोली वरची मिळाली. व्यवस्थापक बाई गोड बोलत होत्या, भेटायला कधीही या म्हणाल्या आणि लगेच भेटायच्या वेळा सांगितल्या. मी सह्या केल्या. बाबा मला पोचवायला खाली आले, व्हरांड्याच्या वरच्या पायरीवर थांबले. त्यांच्या पाया पडावं की त्यांना जवळ घ्यावं हे मला सुचेना, आणि त्यांनाही सुचत नसावं. "बरं," ते म्हणाले. बरं, मी म्हटलं. मी फाटकाशी आले, टॅक्सीच्या दारावर हात ठेवला आणि वळले.

त्या क्षणी माझं ठरलेलं होतं, आणि हे मी दादाला कधीच सांगणार नाही. त्यांनी एकदा हाक मारली असती, तोच शब्द, नुसता, तर मी त्यांची पिशवी वरून उतरवून त्यांना घरी घेऊन आले असते. गॅस जळू दे, शेजारीण फोन करू दे, नोकरी जाऊ दे. मला विचार करायचा नव्हता. मी गुडघे ताठ करून उभी होते. ते माझ्याकडे बघत होते. नुसतं माझ्याकडे. त्यांचा उजवा हात थोडासा हलला, मला दिसला.

व्हरांड्यातल्या बाकावर एक म्हातारा बसला होता, शालीत गुरफटून. त्यानं विचारलं, "नवीन का? काय करायचात तुम्ही?"

बाबा वळले. "झेलायचो," म्हणाले.

"काय झेलायचात?"

"माणसं."

"अरे वा! बसा, बसा की." म्हाताऱ्यानं शाल आवरून बाकावर जागा केली. बाबा बसले. मला त्यांची पाठ दिसत होती. एकदा हाती आलेलं मनगट, असं काहीतरी ऐकू आलं, आणि मग त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले, त्या म्हाताऱ्याला.

मी तशीच उभी राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. झाडांना पाणी घालणारा माणूस नळी घेऊन दुसऱ्या बाजूला गेला होता. शेवटी टॅक्सीवाल्यानं काच खाली केली. "बाई, बसताय ना?" या वेळी स्टूल आणायला आई नव्हती. माझी मीच खाली उतरले, आणि दार उघडून गाडीत बसले.